चिखलाची बांगडी

आमच्या वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची सात घड्याळं दिली, दोन गणपती दिले, आणि आम्ही नव्या घरात जेवणार आहोत हे फक्त एका मेव्हण्याच्या लक्षात राहिल्यामुळं एक मिक्सर मिळाला. शेजारच्या प्लॉटवरचे साहेब पहार घेऊन आले. आहेर म्हणून नव्हे. पहार त्यांची होती आणि ती ते परत नेणार होते. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, वर पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. डाव्या हातावर प्रसाद घेत त्यांनी उजव्या हातातली पहार आमच्या ताज्या रंगाच्या भिंतीला टेकवली आणि मला विचारलं, "घर झ्याक झालंय. पाणी कुठं जातंय?"

मला वाटलं बाथरूमचं विचारतायत. मी अभिमानानं चेंबर दाखवलं.

"हे न्हाय हो. मागच्या अंगणातलं."

"मागं अजून काहीच नाही साहेब. आई झाडं लावणार आहे."

"मग तर सांगाच की. झाडाचं राहू दे. आधी पाणी कुठं जाणार ते सांगा."

घर बांधताना मी नकाशा बघितला होता, टाइल्स बघितल्या होत्या, शेजारी कोण येणार याची चौकशीही केली होती. पाणी कुठं जाणार हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. पुढं आठ वर्षं हा माणूस शेजारच्या प्लॉटवरून तोच प्रश्न विचारत राहणार आहे, हे त्या दिवशी कळलं असतं तर मी उचगावला घर बघितलं असतं.

आमची कॉलनी कसबा बावड्याच्या कडेला. काल-परवापर्यंत तिथं ऊस उभा होता, मग प्लॉट पडले. विकणारा म्हणाला होता, सोन्यासारखी काळी जमीन आहे. खोटं बोलला नव्हता. ही काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळायची की माझी एक चप्पल तिच्यात गेली ती गेलीच, आणि पावसाळ्यात पायाला अशी धरायची की कॉलनीतली वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी सगळी मोठी माणसं हत्तीसारखी पाय उचलत फिरायची. उसाला ती उत्तम होती. दुर्दैवानं आम्ही ऊस नव्हतो.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नक्की कुठल्या हुद्द्यावरून ते त्यांनी कधी सांगितलं नाही, "खात्यात होतो" एवढंच म्हणायचे. बायको आधीच वारलेली, दोन मुलगे पुण्याला. सगळी नोकरी पाण्याच्या संगतीत काढून या माणसाला पोहता येत नव्हतं. पंचगंगेच्या घाटावर गेले तरी वरच्या पायरीवर उभे राहून नमस्कार करायचे. कुणी चेष्टा केली तर सांगायचे, "मी पाण्याला वळकतो. म्हणून तर खाली जात न्हाय."

कुठल्याही नव्या प्लॉटवर ते सगळ्यात आधी मातीची परीक्षा घ्यायचे. मूठभर माती ओली करून मळायची, तळहातावर लांब वळी वळायची आणि ती वाकवून दोन्ही टोकं जोडायची. वळी तडकली तर माती हलकी, झाडाला चालेल. अखंड बांगडी झाली तर माती चिकण, तिच्यात पाणी मुरणार नाही. आमच्या कॉलनीत सगळ्यांच्याच बांगड्या अखंड झाल्या. त्या वाळवून, प्रत्येकीला प्लॉट नंबरची चिठ्ठी बांधून साहेबांनी आपल्या खिडकीत ओळीनं मांडल्या होत्या. त्यांच्याकडं आलेल्या पाहुण्याला आधी ते कासाराचं दुकानच वाटायचं.

वास्तुशांतीच्या दिवशीही त्यांनी मागं जाऊन दोन मिनिटांत बांगडी केली आणि घरात घेऊन आले. समोर माझी आई बसलेली. वडील जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते. साहेबांनी ती बांगडी तिच्यापुढं धरली आणि म्हणाले, "आक्का, घाला बघू हातात. मोडत न्हाय. हेच वाईट हाय."

घरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण हातात प्रसादाची वाटी होती. आईनं मात्र ती चिखलाची बांगडी घेतली, मोकळ्या हातात सरकवली आणि मनगट फिरवून बघितलं. "मापात हाय," म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिनं ती काढली नाही. साहेबांना आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता; ते मागं पहार आपटत होते.

साहेबांचा लाडका शब्द वाफसा. जमिनीत पाणी फार नाही आणि कमीही नाही, माती खोऱ्याला चिकटत नाही आणि ढेकळंही निघत नाहीत, अशा वेळेला शेतकरी वाफसा म्हणतात. ओल्या काळ्या मातीत खोरं घातलं की ती दगडासारखी बसते, मग वर्षभर त्यातून पाणी हलत नाही, म्हणून वाफशाशिवाय जमिनीला हात लावायचा नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण साहेब हा नियम माणसांनाही लावायचे. मी बँकेत नोकरीला. माझी बदली व्हायची चिन्हं होती म्हणून मॅनेजरला भेटून रदबदली करणार होतो. साहेबांनी विचारलं, "तुमचा म्यानेजर आत्ता ओला हाय का कोरडा?"

"मार्च आहे साहेब. वर्षअखेर."

"मग चिखल हाय. आता पाय घातला तर रुतशीला. जून येऊ दे."

मी हसलो, मार्चमध्येच गेलो आणि पुढची दोन वर्षं उचगावच्या शाखेत काढली. माणसं वाईट नव्हती. फक्त रोज सकाळी स्कूटरला किक मारताना साहेब फाटकात उभे असायचे आणि काही बोलायचे नाहीत, ते वाईट होतं.

एकदा कॉलनीतल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. नवं मंगल कार्यालय, समोर हिरवंगार लॉन, कडेनं नुकतीच लावलेली शोभेची झाडं. साहेब लग्नालाही गमबूट घालूनच आले होते. विचारलं तर म्हणाले, धुतल्यात. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडं वळले, आणि साहेब दिसेनात. सापडले तेव्हा ते एका झाडाच्या आळ्यात पाण्याचा जग ओतून घड्याळाकडं बघत उकिडवे बसले होते. कार्यालयाचा मालक येऊन म्हणाला, "पावणं, काय पडलं का तुमचं?" साहेब म्हणाले, "माझं काय न्हाय पडलं. तुमची झाडं पडणार हायत. अर्धा तास झाला, पाणी जाग्यावर हाय." मालकानं नम्रपणे त्यांना जेवायला नेऊन बसवलं. नम्रपणे म्हणजे दंडाला धरून.

आणि एवढं सगळं ज्ञान वाटत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या प्लॉटवर एक झाड नव्हतं. चर होते, उंचवटे होते, भोकं पाडलेले पाईप होते, खुणा केलेली बांबूची काठी होती. लांबून कुणाला वाटावं, इथं काहीतरी फार मोठं पुरलेलं आहे. झाड मात्र नाही. विचारलं की म्हणायचे, "बघतोय. अजून मनासारखं पाणी जात न्हाय." लग्नाला उभा राहिलेला आणि सगळ्या मुलींच्या पत्रिका अभ्यासून घरी बसलेला माणूस मला त्यांच्यात दिसायचा. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "पत्रिका बघायलाच पायजेत की."

आता आईचं सांगायला हवं, कारण साहेबांची आणि माझी खरी गाठ तिच्यामुळं पडली. आई शिवाजी पेठेतून आमच्याकडं आली ती पाहुणी म्हणून. सगळा जन्म पेठेत गेलेला, दारात उभं राहिलं की चार बायका बोलायला. इथं दारात उभं राहिलं की समोर रिकामा प्लॉट. तिची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली होती आणि ट्रंकेचं कुलूप तिनं काढलं नव्हतं. लागेल तेवढं लुगडं पिशवीतून काढायची आणि धुऊन पुन्हा पिशवीतच ठेवायची.

"एक आंबा लावतो," ती एक दिवस म्हणाली. (आमच्याकडं बायकाही 'लावतो', 'जातो' असंच बोलतात.) "त्यो धरला तर ऱ्हातो हितं. न्हाय तर मी आपलं पेठंत जातो. थोरल्याच्या दोन खोल्या हायत्या की."

माझ्या थोरल्या भावाच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं होती. आई तिथं गेली असती तर स्वयंपाकघरात झोपली असती आणि तक्रार केली नसती, हे मला माहीत होतं. म्हणून तो आंबा धरणं मला फार गरजेचं होतं. आणि एखादी गोष्ट फार गरजेची असली की माणूस ती कशी बिघडवतो, याचा मी पुढं उत्तम नमुना घालून दिला.

त्याच सुमाराला पेठेतल्या आमच्या तालमीत कुस्तीची मॅट आली आणि आखाड्याच्या हौदातली निम्मी तांबडी माती बाहेर काढायचं ठरलं. वडील तरुणपणी तिथं दहा वर्षं कुस्ती खेळलेले. ही बातमी आईला लागली. तिचं म्हणणं असं, की ह्यांचा जेवढा घाम त्या मातीत गेला तेवढा घरासाठी कधी गेला नाही, तेव्हा ती माती आपली; आंबा तिच्यातच लावायचा. मला ते पटलं. कुणाही कोल्हापूरकराला पटलं असतं. तालमीची माती म्हटल्यावर ती अंगाला लावायची, कपाळाला लावायची. झाडाला चालेल का, असा संशय कोण घेईल?

वस्ताद स्वतः टेम्पो घेऊन आले. मी जेसीबी बोलावून तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा पुस्तकात सांगितलेला खड्डा काढून ठेवला होता. जेसीबीच्या बकेटनं त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि मला त्या फार देखण्या वाटल्या. नारळ फोडला. तेवढ्यात गमबूट वाजले.

साहेबांनी टेम्पोतली चिमूटभर माती घेतली, हुंगली, बोटांत चोळली. "ह्यात काय काय हाय?"

"ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर," वस्ताद छाती काढून म्हणाले.

"मग फोडणी द्या की. आमटी हुईल."

वस्तादांचे कान कुस्तीत चुरगळलेले, पण ऐकू चांगलं येत होतं. त्यांनी बाह्या वर सारल्या. साहेब मात्र माझ्याकडं वळले. "माती वाईट म्हणत न्हाय मी. पण खड्ड्यात घालू नका. ह्या काळ्या जमिनीत खड्डा काढला म्हंजे रांजण पुरला. चारी बाजूनं घट्ट. त्यात ही भुसभुशीत माती भरली की सगळ्या अंगणाचं पाणी तिथं जमणार. आत येणार, बाहेर जाणार न्हाय. माझं एक ऐका, आज खड्ड्यात पाणी भरून ठेवा आणि उद्या सकाळी किती उतरलं बघा. मग काय ते करा."

एक दिवस थांबायचं होतं, बस्स. पण नारळ फुटला होता, वस्ताद उभे होते, तालमीची चार पोरं उभी होती, आणि घराचा मालक कोण हे एकदा दाखवायला हवं होतं. मी म्हणालो, "साहेब, ह्या मातीत पैलवान झालेत. आंबा होणार नाही होय?"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. वस्तादांनी माझ्या पाठीत थाप घातली. हे वाक्य त्या वेळी मला फार आवडलं होतं. साहेब पहार उचलून गेले आणि पुढं दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

हापूसचं कलम लावलं. पाऊस सुरू झाला तसा पहिले काही दिवस कलमाचा दिमाख होता. मग पानं मलूल झाली, कडा करपल्या. आईला वाटलं झाड तहानलंय. पाऊस जरा उघडला की ती घागर घेऊन जायची आणि बुंध्याशी हळूहळू ओतायची. पाण्यात बुडालेलं झाड आणि तहानलेलं झाड दिसायला सारखंच असतं, हे आम्हाला कोण सांगणार? म्हणजे सांगणारा एक होता, कुंपणापलीकडंच होता, पण त्याच्याशी आम्ही बोलत नव्हतो.

श्रावणात झाड वाळलं. आई रडली नाही. तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि ओल्या फडक्यानं पुसायला घेतली.

"आई, दुसरं आणू की."

"कशाला? ह्यांच्या मातीत बी जगंना ते," ती ट्रंकेचा कोपरा घासत म्हणाली. "मी हितं ऱ्हावं हे ह्यांच्याच मनात न्हाय."

आंबा गेल्याचं काही नव्हतं. नर्सरीत आंबे रांगेनं उभे असतात. पण मेलेल्या नवऱ्यानं आपल्याला घराबाहेर काढलं असं माझी आई समजत होती, आणि ते मी जेसीबी लावून घडवून आणलं होतं. मी उठलो आणि साहेबांच्या फाटकात गेलो. "मी सांगितलं होतं" या वाक्यासाठी दोन उत्तरं तयार ठेवली होती. साहेबांनी ते वाक्य उच्चारलंच नाही. नुसती पहार उचलली. दोन्ही उत्तरं वाया गेली.

त्यांनी वाळलेलं कलम धरून ओढलं. ते उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसं अलगद वर आलं, आणि मागोमाग वास आला. मुळं काळी पडून कुजली होती. खड्ड्यात पहार घालून काढली तर तांबड्या पाण्यानं थबथबलेली. साहेबांनी एक मूळ आईच्या हातात दिलं.

"वास घ्या आक्का. हे झाड रुसलं न्हाय. बुडालंय. मालकांचा ह्यात काय बी दोष न्हाय, आणि मातीचा बी न्हाय."

आईनं मूळ नाकाशी नेलं. "आन् मी रोज घागर घालत हुतो."

"व्हय. तुम्ही बी घातली, पावसानं बी घातली. त्याला बाहेर जायला वाट कुणी दिली न्हाय."

"मग आता?"

"आता थांबायचं. वाफसा येऊ दे."

"कवा येईल?"

"दिवाळीनंतर बघू."

आईनं ट्रंक पुन्हा पलंगाखाली सरकवली. कुलूप तसंच होतं.

त्या दिवसापासून साहेब रोज सकाळी आमच्या मागच्या अंगणात यायचे. फूटभर खालची माती काढायची, तिचा लाडू वळायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. लाडू भाकरीसारखा पसरला की मान हलवायची आणि जायचं. पुढं पुढं आईही चहा घेऊन येऊन उभी राहायला लागली. पितृपक्ष गेला, दसरा गेला, दिवाळी झाली, लाडू पसरतच होता. घरातल्या फराळाचे लाडू फुटत नाहीत म्हणून माझी बायको काळजीत, अंगणातला फुटत नाही म्हणून आई काळजीत. मी बँकेत सुखी होतो. आणि एक दिवस सकाळी तो पडला आणि भुगा झाला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "आला." आईनं चहाची कपबशी खाली ठेवून हात जोडले. कुणाला जोडले कुणास ठाऊक.

मग जे काम सुरू झालं ते बघून कॉलनीनं महिनाभर करमणूक करून घेतली. साहेबांनी माझा देखणा खड्डा बुजवायला लावला. अंगणातून रस्त्याच्या गटारापर्यंत उताराचा चर काढला, त्यात खडी आणि भोकं पाडलेला पाईप घातला, वर पुन्हा खडी. शेणखत आणलं, साखर कारखान्याची मळी आणली. मी हुशारी करून वाळूचा एक ट्रक सांगत होतो, साहेब म्हणाले, "काळ्या मातीत वाळू घालून काय विटा पाडायच्या हायत?" आणि खड्ड्यातून आधीच काढून ठेवलेली तालमीची तांबडी माती त्यांनी काळ्या मातीत आणि खतात कालवली आणि जमिनीच्या वर दीड फूट उंच, दहा फूट रुंद असा उंचवटा केला. झाड खाली नाही लावायचं, ह्याच्या डोक्यावर लावायचं. "मालकांना खाली कशाला घालता," ते आईला म्हणाले, "वर बसवा की."

उन्हाळ्यात अंगणाला भेगा पडल्या त्या साहेबांनी बुजू दिल्या नाहीत. त्यांत शेणखत भरायला लावलं. पाणी किती वेळात उतरतं ते मोजायला आमच्या वास्तुशांतीच्या सात घड्याळांतलं एक मागच्या पडवीत टांगलं. ते दहा मिनिटं पुढं होतं, तेही त्यांनी तसंच ठेवलं. म्हणाले, फरक तर मोजायचाय.

मे महिन्यात एकदा मी दुपारी लवकर घरी आलो तर दोघं उंचवट्यापाशी बसले होते. आईनं विचारलं असावं, की तुमच्या प्लॉटवर झाड का नाही. साहेब काठीनं मातीत रेघा मारत सांगत होते. "खात्यात असताना एका गावाला पाणी नेलं मी. हार घातला लोकांनी, मिरवणूक काढली. पाणी कुठं जाणार, हे कुणी इचारलं न्हाय. मी बी न्हाय. तिथं एकाची आंब्याची बाग हुती. तीन वर्षांत सगळी बसली. त्यो माणूस मला काय बोलला न्हाय हो. बागेत नेलं, आणि नुसतं दाखवलं."

मी पडवीतून तसाच मागं फिरलो. मी आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसलोय, त्यातली ही एक.

जूनच्या आधी त्यांनी उंचवट्यातली माती घेतली, मळली, वळी केली आणि वाकवली. ती मधोमध तुटली. तुकडे तळहातावर घेऊन साहेब पडवीत आले, तोंडभर हसत. "आक्का, मोडली. बांगडी मोडली." माझी बायको स्वयंपाकघरात जाग्यावर थबकली. आईनं तुकड्यांकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"माझ्या मोडल्या तवा सगळी रडली," ती म्हणाली. "तुमची मोडली तर तुम्ही पेढं वाटायला निघालाय." आणि हसायला लागली. वडील गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. साहेबांना काय झालं तेव्हा कुठं कळलं. त्यांचा चेहरा गोरामोरा झाला आणि ते गमबुटांकडं बघत उभे राहिले. आईनं त्यांना पेढा नाही, पण गुळाचा खडा दिला.

नवं कलम उंचवट्याच्या डोक्यावर लागलं. त्या वर्षी पाऊस जोराचा झाला. पाणी उंचवट्यावरून घसरत होतं, चरात जात होतं आणि पाईपातून रस्त्याच्या गटारात पडत होतं. आई छत्री घेऊन ते पडताना बघायला जायची. गेल्या श्रावणात आधीचा आंबा वाळला होता, या श्रावणात याला तांबूस कोवळी पालवी फुटली. दुसऱ्या दिवशी मी घरी आलो तर पलंगावर लुगड्यांच्या घड्या होत्या, डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि ट्रंक उघडी होती.

साहेब गेले ते भर पावसाळ्यात. वाफशाची एवढी वाट बघणारा माणूस, पण ही वेळ काही त्यांना बघता आली नाही. पुण्याहून दोन्ही मुलगे आले. आमच्या भागात आता बरेच लोक रक्षा नदीत सोडत नाहीत. खड्डा काढतात, त्यात रक्षा घालतात आणि वर झाड लावतात. चांगली पद्धत आहे. मुलांनी वडिलांच्या आवडीचा विचार करून तेच ठरवलं. फक्त वडिलांनी इतकी वर्षं तयार केलेले उंचवटे सोडून खड्डा फाटकासमोर काढला, कारण तिथं फोटो चांगला येत होता. जेसीबी बोलावला होता. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जमलो तेव्हा खड्डा काठोकाठ भरला होता. धाकट्यानं बादलीनं पाणी उपसलं. ते पुन्हा भरलं. पुन्हा उपसलं, पुन्हा आलं. थोरला हातात रक्षेचं गाडगं घेऊन उभा होता. रडून त्याचे डोळे सुजले होते, आणि त्याला ते सगळं एकदाचं संपायला हवं होतं. "असू दे," तो म्हणाला. "वरून माती टाकली की झालं."

सगळी कॉलनी तिथं उभी होती. आमच्यातल्या एकेकाच्या अंगणात साहेबांनी पहार मारली होती, एकेकाची बांगडी अजून त्या खिडकीत होती, आणि कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. माझ्याही नाही. पैलवान झालेत म्हणणाऱ्याची जीभ अशा वेळी टाळ्याला चिकटते. भटजींनी घाई केली. थोरला वाकला.

"बाळा, थांब," आई म्हणाली आणि गर्दीतून पुढं झाली. "पाण्यात नको ठेवूस त्यास्नी. त्यास्नी पोहायला येत न्हवतं."

थोरला तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं गाडगं छातीशी धरलं आणि चिखलातच खाली बसला. तिथूनच म्हणाला, "मग कुठं, काकू?"

आईनं आमच्या भिंतीकडं बोट केलं.

आंबा तेव्हा पुरुषभर उंच झाला होता. मुलांनी त्याच्या बुंध्याभोवती, तालमीच्या तांबड्या आणि उसाच्या काळ्या मातीवर, वडिलांची रक्षा पसरली. मी बादलीभर पाणी आणून वर ओतलं, आणि मग सवयीनं सगळ्यांनीच माना खाली घातल्या आणि बघत राहिले. मी पडवीतल्या घड्याळाकडं बघितलं. ते अजून दहा मिनिटं पुढंच होतं. पाणी राखेसकट गढूळ होऊन थोडं थबकलं, मग मातीत शिरलं, मग दिसेनासं झालं.

"चरातनं गेलं बघा, साहेब," आई म्हणाली आणि रिकामी बादली उचलून आत गेली.